शटर खाली, गाडी सुरू

"बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवू नकोस," असं बाबा सांगायचे; मी हसण्यावारी न्यायचे. परवा बाळाला घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये बसले होते. शेजारी एक आजोबा-आजी मेकॅनिकशी बोलत होते.

"एवढीशी गाडी, तरी मायलेज का मिळत नाही?"

"आजोबा, गाडी उभी असताना इंजिन सुरू ठेवता का?"

"रोज दहा मिनिटं. हिला गार सीट सोसत नाही."

"गॅरेजचं शटर उघडून ना?"

"छे, वारा येतो. नवं इंजिन आहे, धूर कुठे होतो?"

"कमी होतो, पण विषारी वायू असतोच. दिसत नाही, वासही येत नाही."

"अहो, म्हणून रोज सकाळी तुमचं डोकं दुखतं!"

"मला वाटलं, तुझ्या बडबडीनं."

"बडबडेन अजून! उद्यापासून गार सीटवरच बसणार मी."

तुमच्या घरीही कुणी अशी गाडी तापवत असेल, तर त्यांना आजच फोन करून गाडी गॅरेजबाहेर काढूनच सुरू करायला सांगा.