पहिल्या कोकिळेची बातमी

कानांच्या दवाखान्यात शिवणकामवाली बाई आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. समोरच्या बाकावर एक आजी-आजोबा. आजोबांच्या कानात नवंकोरं यंत्र. त्याचा आवाज जुळवून घ्यायला दोघं आले होते. इतक्यात खिडकीबाहेर कोकिळा ओरडली. आजोबा दचकलेच.

"ऐकलंस?"

"काय?"

"बाहेर. नीट ऐक."

"गाडी असेल हो. यंत्र नवीन आहे, काहीबाही ऐकू येणारच."

कोकिळा पुन्हा ओरडली, चांगली मोकळ्या गळ्याने.

"का गं, यंदा कोकिळा ओरडली का?"

"ओरडली असती तर सांगितलं नसतं? दरवर्षी कोण सांगतं तुम्हाला?"

"तूच."

"तुम्हाला ढिम्म ऐकू येत नव्हतं, तरी सांगायचे. आणि तुम्ही खुशाल मान डोलवायचात, काय गोड आवाज म्हणून!"

"तू सांगितलंस की मला ऐकू आल्यासारखंच वाटायचं."

आता तर कोकिळा थांबायचं नावच घेईना. शिवणकामवालीने न राहवून तोंड उघडलं. आजोबांनी तिच्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली.

"अहो, कसल्या खाणाखुणा चालल्यात?"

"कुठे काय? असं कर, आलोच आहोत तर तुझेही कान दाखवू."

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

"काही नाही गं. मला एकट्याला आत जायची भीती वाटते."

"या वयात! बरं, चला."

"चल. आणि कोकिळेचं यंदाही तूच सांगायचंस हं. मी वाट बघतो."