एकविसावा नंबर

बायको : बसते नंतर. आधी सांगा, देशातल्या चोवीस हृदयरोपण केंद्रांत तुमचा नंबर एकविसावा कसा?

डॉक्टर : वार्षिक अहवाल वाचून आलात वाटतं.

बायको : बावीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासतेय, डॉक्टरबाई. कागद बघितल्याशिवाय मी कुणाला पुढे सोडत नाही.

नवरा : मलाही... लग्नाआधी दोनदा उतरवलं होतं.

बायको : तुम्ही बोलू नका, दम लागतो. हं, तर पहिल्या नंबरच्या रुग्णालयात शंभरातले पंच्याण्णव जण वर्ष काढतात. तुमच्याकडे बहात्तर. आणि त्यांनी यांना 'सध्या योग्य नाही' म्हणून बाहेर काढलं, तर तुम्ही लगेच हो म्हणताय! पाणी कुठेतरी मुरतंय.

डॉक्टर : यांची छाती एकदा उघडलेली आहे. फुप्फुसांतला दाब जास्त, किडन्या कुरकुरतायत. असे रुग्ण दगावायचा धोका मोठा. दगावले की केंद्राचा आकडा घसरतो.

बायको : म्हणजे ते निवडून घेतात?

डॉक्टर : सगळेच नाही. कधी नकारातच रुग्णाचं भलं असतं.

बायको : आणि तुम्ही तेवढ्या धुतल्या तांदळाच्या! हात चांगला नसता तरी हेच सांगितलं असतंत.

डॉक्टर : सांगितलं असतं.

बायको : मग यांच्यासारखे, दुसरीकडून परत पाठवलेले, किती घेतलेत ते बोला.

डॉक्टर : तीन वर्षांत चौदा.

बायको : आज हयात किती?

डॉक्टर : नऊ. दोघं टेबलावरच गेले. तिघं पहिल्या तीन महिन्यांत. शेवटची एक शिक्षिका होती, गेल्याच महिन्यात गेली.

बायको : आणि ज्यांना कुणीच घेतलं नाही ते?

डॉक्टर : ते या टक्केवारीत येत नाहीत. ती फक्त रोपण झालेल्यांची असते.

नवरा : म्हणजे मी असाच गेलो तर... कुणाचाच नंबर हलत नाही.

बायको : अभद्र बोलू नका! डॉक्टरबाई, हातातला कागद फायलीखाली का सारलात? द्या इकडे.

डॉक्टर : ...घ्या. राष्ट्रीय समितीची नोटीस. या वर्षी आणखी एक मृत्यू झाला, तर आमचं केंद्र सहा महिने बंद.

बायको : आणि हे आम्हाला सांगणार कधी होतात?

डॉक्टर : आधीच सांगायला हवं होतं. चुकले. खरं तर सकाळी मी यांच्या नकाराचं पत्र लिहायला घेतलं.

बायको : मग?

डॉक्टर : कारणाच्या रकान्यापाशी अडले. यांच्या प्रकृतीत धोका आहे, पण नकार द्यावा असं काही सापडेना. जे होतं ते माझ्याच भीतीचं होतं.

बायको : अहो, ऐकताय ना? काय करायचं?

नवरा : मी वेल्डर. ज्याच्या हाताला भाजल्याचा एक डाग नाही... त्याला मी टाकीच्या कामावर घेत नसे. सही कुठे करायची?

बायको : थांबा. आधी मी वाचते.

(हृदयरोपणानंतर अकरा आठवड्यांनी, तपासणीच्या खोलीत.)

डॉक्टर : दाब उत्तम, किडन्या सुधारल्यात. जिना?

नवरा : दोन मजले, न थांबता! ही मागून नाडी धरूनच होती.

बायको : केंद्र सुरू आहे ना तुमचं?

डॉक्टर : आहे. अजून तरी.

बायको : एक विचारू? हसू नका. सकाळी यांच्या छातीला कान लावते. पूर्वी आत नुसती धडपड ऐकू यायची. आता कुणा परक्याच्या घरचं हृदय, तिथल्या माउलीनं आपल्या माणसाचं कशा जिवावर दिलं असेल, आणि ते असं शिस्तीत चालतंय. मला संशय येतो, इतकं नीट कसं?

डॉक्टर : मलाही येतो. म्हणून तर दर आठवड्याला बोलावते.