मागच्या दाराशी

पासपोर्टच्या फोटोंसाठी नर्सबाई स्टुडिओतल्या बाकावर थांबल्या होत्या. काउंटरवर एक भाऊ-बहीण स्टुडिओवाल्याला डिस्क लावून दाखवत होते. दुकान एवढंसं, कान बंद करणार तरी कसे?

"हे माझं शाळेतलं नाटक. जुन्या डिस्कवर पडदा काळाकुट्ट दिसायचा. तुमच्या कॉपीत राख फासल्यासारखा झालाय."

"उजेड जास्त चढलाय खरा. कॉपी करताना माझी सेटिंग चुकली. उद्या नीट करून देतो."

"राजा झालोय आणि पाय अनवाणी. बूट घरी राहिले. बाबांना ऑफिसात फोन केला, तर म्हणाले, काम आहे."

"झालं याचं सुरू. दादा, पंचवीस वर्षं झाली."

"आले नाहीत ते नाहीतच."

"अहो, जरा मागे घ्या. कॅमेरा प्रेक्षकांवर वळला, तिथं. दाराशी कोण उभंय?"

"तिथं तर नुसता काळोख असायचा."

"आता दिसतंय ना. तो चौकड्यांचा शर्ट बाबांचा आहे, दादा. हातात बघ काय आहे."

"माझे बूट."

"पडदा वर गेल्यावर पोचले असतील. मध्येच कसे देणार?"

"शेवटपर्यंत बोलले नाहीत गं."

"तू तरी कुठे विचारलंस?"

फोटो तयार होते, पण नर्सबाई उठल्या नाहीत.

"मग साहेब, उद्यापर्यंत पूर्वीसारखं गडद करून ठेवतो."

"नको. अजून उजेड वाढवता येईल?"

"येईल, पण स्टेजवरचे सगळे पांढरेफटक पडतील. तुम्हीसुद्धा."

"पडू देत."