सूट जांभळा होता

नाही, मी म्हणतो, एक फोन करून विचारायला काय जात होतं त्या सिनेमावाल्यांचं? मी जिवंत आहे, फोनच्या पुस्तकात माझं नाव आहे, टॅन्सी, ऑर्विल, व्हॅन नाइज. बाकीचे चार दरोडेखोर गेले बिचारे, एक दारूने, एक हृदयाने, दोघं नुसतेच कंटाळून, पण मी आहे ना अजून... आणि विचारायचं राहू द्या, मी आपण होऊन सांगायला गेलो तरी ऐकून घेतलं नाही. तुम्हाला सांगतो, सूट जांभळा होता.

बसा हो, बसा. डॉक्टरांना वेळ आहे. आत एक बाई गेल्यात, त्या अजून आजचा वार आठवतायत. ही माझी बायको, व्हर्ना. डोळा लागलाय, लागू द्या. मुलगी आमची, डार्लीन, खाली गाडी लावायला जागा शोधतेय. ती वर यायच्या आत सांगून घेतो, कारण तिच्यासमोर सुटाचं नाव काढायची मला बंदी आहे.

‘शेवटचं कुलूप’ बघितलाय? बघितला असणार, सगळ्यांनीच बघितलाय, आणि मी त्यात आहे हे कोणाच्याच लक्षात नाही. पाच जण बँकेची तिजोरी फोडतात, बाहेर पाऊस पडत असतो, मग सगळे एकमेकांना दगा देतात आणि सगळे मरतात. त्यात सगळ्यात आधी मरतो तो मी. पैशांची पिशवी छातीशी धरून बँकेच्या जिन्यावरून गडगडत खाली येतो ना एक जण, तोच. संवाद एकच, ‘गाडी आली.’ आणि गाडी आलेली नसते. म्हणून तर मरतो.

आता त्या वेळी आमच्यासारख्या लहानसहान नटांची रीत काय, तर ज्याच्याकडे स्वतःचा चांगला सूट, त्याला काम आधी. चेहरा नंतर बघायचे, आधी बाही बघायचे. माझ्याकडे सूट कुठला? पण आमच्या गल्लीत हागोप म्हणून आर्मेनियन शिंपी होता, त्याने एका नाचगाण्याच्या बँडवाल्यासाठी सूट शिवला होता, आणि तो बँडवाला सूट न्यायच्या ऐवजी कोणाची तरी बायको घेऊन मेक्सिकोला गेला. उंची कापड, रेशमी अस्तर, शिवण अशी की टाका दिसू नये, आणि रंग... वांगं बघितलंय ना तुम्ही? ते वांगं उन्हात धरलं तर कसं दिसेल, तसा. हागोप म्हणाला, “ऑर्विल, हा सूट घालून तू चर्चमध्ये जाऊ शकत नाहीस, बाजारात जाऊ शकत नाहीस, कोणाच्या मयताला तर अजिबात नाही. पण सिनेमा कुठे रंगीत असतो?” आणि खरंच की हो. सेटवरच्या कॅमेरावाल्याने ती काच असते ना त्यांची, डोळ्याला लावून बघायची, त्या काचेतून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “झकास. काळोखासारखा दिसतोस.” आयुष्यात कोणी केलेली सगळ्यात मोठी तारीफ ती. त्या एका सुटात मी दरोडेखोर झालो, वकील झालो, दोनदा प्रेत झालो.

आणि एकटा मीच नव्हतो हो तसा. ती तिजोरी, जिच्यासमोर उभं राहून हीरो म्हणतो की इथून कोणी परत जात नाही, ती गुलाबी होती. गुलाबी रंग कॅमेऱ्यात पोलादासारखा दिसायचा, म्हणून. जिन्यावरचं माझं रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक. पाचव्यांदा मरेपर्यंत माझ्या कॉलरला मुंग्या लागल्या होत्या. बघणाऱ्यांना वाटायचं काय ती भीषण रात्र, काय ते क्रूर शहर, आणि आम्ही आत उभे असायचो तो म्हणजे वाढदिवसाचा केक.

तर त्या जिन्याखाली बँकेत घाबरून किंचाळणाऱ्या बायकांत ही व्हर्ना होती. काम एवढंच, मी पायाशी येऊन पडलो की किंचाळायचं. मी गडगडत आलो, पडलो, आणि ही किंचाळायच्या ऐवजी हसली. पुन्हा घ्या. पुन्हा पडलो, पुन्हा हसली. दिग्दर्शक ओरडला, “बाई, माणूस मेलाय.” तर ही म्हणते, “मेलाय ते दिसतंय हो, पण त्याने घातलंय काय?” दिवसभर मी त्या जिन्यावरून पडत होतो आणि दर वेळी हिच्या बुटांपाशी थांबत होतो. लोकांची ओळख नाचात होते, चर्चमध्ये होते. आमची पडून पडून झाली. पुढे लग्नही त्याच सुटात केलं, हागोपचं न ऐकता, चर्चमध्ये. फोटो आहे. काळापांढरा.

झालं असं की गेल्या हिवाळ्यापासून व्हर्ना जरा विसरायला लागली. चष्मा फ्रीजमध्ये, लोणी कपाटात. तेवढं कोण करत नाही? मीही करतो. पण ती मागचं बोलायला लागली, आणि डार्लीन आली की तिच्यासमोर म्हणायची, “तो जांभळ्या सुटातला माणूस आज आला नाही का?” मी म्हणायचो, “आलाय, हा काय समोर बसलाय.” ती मला निरखून म्हणायची, “तू? तो देखणा होता.” आता ह्यात आजारी काय आहे सांगा. पण डार्लीनने मला स्वयंपाकघरात नेलं, आवाज खाली केला, दवाखान्यात करतात तसा, “डॅड, मॉमला माणसं दिसतायत. जांभळी माणसं.” मी म्हटलं, “बाळा, तो मीच. सूट जांभळा होता.” तर माझा हात हातात घेऊन, “तू तिची बाजू घेतोस हे किती गोड आहे, डॅड.” आणि पर्समधून काढला एक रंगीत कागद. वरती कारंजं, हिरवळ, बाकावर दोन म्हाताऱ्या कशाला तरी हसतायत. आजीआजोबांना ठेवतात ती जागा, पार डोंगरापलीकडे. पण आजीआजोबा म्हणायचं आपलं, एका वेळी एकालाच. व्हर्ना तिथे, मी इथे, रविवारी भेट. इतकी वर्षं जिच्या पायाशी पडलो, तिला आता रविवारी भेटायचं, मधे कारंजं.

आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर सांगितलं, ‘शेवटचं कुलूप’ येतोय, नव्या रूपात, संपूर्ण रंगीत. मी डार्लीनला म्हटलं, ठीक आहे. सूट जांभळा दिसला तर तो कागद फाडायचा. नाही दिसला तर तू म्हणशील तसं. ती म्हणाली, “चालेल.” लगेच चालेल म्हणाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी आपला, जुने काळेपांढरे सिनेमे रंगवते त्या कंपनीला फोन लावला. आधी वाजंत्री ऐकवली, मग एक सद्गृहस्थ आले, आवाज असा की बोलता बोलता डोनट खातायत. मी म्हटलं, मी चौथा दरोडेखोर. म्हणाले, “कोण?” मी म्हटलं, गाडी आली. म्हणाले, “कुठली गाडी, सर?” मग सगळं समजावून सांगितलं, तर म्हणतात कसे, “सर, आम्ही त्या काळाचा सखोल अभ्यास केलाय. बँक लुटायला जांभळा सूट घालून कोण जाईल? प्रेक्षकांना पटणार नाही.” मी म्हटलं, अहो, मी गेलो होतो. म्हणाले, “तुमचं म्हणणं टिपून ठेवतो, सर.” टिपून ठेवतो म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण माणूस आशेवर जगतो ना.

रविवारी बसलो सगळे टीव्हीसमोर. डार्लीनने मक्याच्या लाह्या केल्या. आणि सुरू झालं... काय सांगू तुम्हाला. त्या सिनेमात खरा हीरो होता अंधार, आणि अंधारालाच ह्यांनी नोकरीवरून काढलेलं. भर पावसातली रात्र निळी, स्विमिंग पूलसारखी, त्यात पाच जण निघालेत ते दरोड्याला की सहलीला, कळेना. सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे, उकडलेल्या हॅमचे. हीरोची हॅट मोरपिशी. तिजोरी करडी, जी गुलाबी होती. एवढे रंग होते त्यांच्याकडे, आणि एकही जागच्या जागी नव्हता. मग आला जिना. मी वर उभा, पिशवी छातीशी. आणि सूट...

तपकिरी.

साधा, सभ्य, विमा विकणाऱ्याचा तपकिरी. मी गडगडत आलो. व्हर्ना हसली, तेव्हा हसली होती तशीच, तिथेच. आणि डार्लीन, माझी पोटची पोर, वकिलासारखी पुढे सरकून विचारते, “मॉम, सूट कुठल्या रंगाचा आहे गं?” व्हर्नाने टीव्हीकडे बघितलं, डार्लीनकडे बघितलं, लाह्यांत हात घातला आणि म्हणाली, “तपकिरी. दिसत नाही का तुला?” डार्लीनच्या डोळ्यांत पाणी. “मॉम, तू किती छान बोललीस.” तो कागद पर्समधून बाहेरच आला नाही. म्हणजे मी जिंकलो की नाही? गप्प बसायचं की नाही? पण माझी जीभ. मी उठून टीव्हीपाशी गेलो आणि काचेवर बोट ठेवून म्हणालो, जांभळा होता. पुन्हा म्हणालो. मग जाहिरात लागली, साबणाची, तरी माझं बोट तिथेच.

सूट आम्ही कधीच चर्चच्या देणगीत देऊन टाकला होता. पण अस्तराची एखादी चिंधी तरी असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गराजमधलं सगळं अंगणात काढलं. खोकी, ख्रिसमसचं झाड, डार्लीनची जुनी सायकल. अंगात बाथरोब. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, “मिस्टर टॅन्सी, काय शोधताय?” मी म्हटलं, जांभळ्या रंगाचा पुरावा. त्या आत गेल्या आणि त्यांनी डार्लीनला फोन केला.

म्हणून आज इथे. नाही हो, व्हर्नाला नाही दाखवायचं. ती ठणठणीत आहे म्हणते डार्लीन. नंबर माझा आहे. तो रंगीत कागद आता डार्लीनच्या पर्समध्ये माझ्या नावाने आहे, कारंजं तेच, डोंगर तोच, फक्त रविवारी भेटायला येणार ती व्हर्ना. मी खरं तेच बोलतोय आणि खरं बोलल्यावर...

आलो हो, आलो. मीच टॅन्सी. एक मिनिट, गुडघा सरळ होऊ द्या.

काय गं? जागी आहेस होय तू? काय म्हणतेस? जवळ येऊ? हं.

...

ऐकलंत ना तुम्ही? कॉलर नीट करायच्या निमित्ताने कानात काय म्हणाली ते? म्हणे, “आत जाऊन शहाणपणा करू नकोस, ऑर्विल. तो विचारेल, तपकिरी म्हण. मी नाही का म्हटलं? जांभळा म्हटलं की ती कागद काढते, तपकिरी म्हटलं की लाह्या देते.”

मी म्हटलं, मग तुला आठवतंय? तर म्हणते, “असला रंग विसरता येतो का कोणाला?”

चला. डार्लीनही आली, जागा मिळालेली दिसतेय. तर मंडळी, तुम्हाला कोणी विचारलं, तर सूट तपकिरी होता.