अक्षरं तिकडून, आवाज इथला

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले संगणक विभागप्रमुख, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

मी इथे उभी राहताना सूत्रसंचालिका बाईंनी माझ्या कानात हळूच सांगितलं, "समोर घड्याळ लावलंय हं." मला ते दिसत नाही, त्यामुळे त्यांची सूचना वाया गेली. थोडं सांभाळून घ्या.

आपल्या रुग्णालयाच्या डोंगराकडच्या शाखेत मी फोनवर बसते. अहवाल आला का, डॉक्टर कधी भेटतील, पुढची औषधं काय लिहिलीत, असं लोक विचारतात आणि मी संगणकात बघून सांगते. बघून म्हणजे ऐकून. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक आवाज माझ्या संगणकात आहे. कोरडा, घाईचा, स्वल्पविरामाला कधी भीक न घालणारा. पण माझे डोळे म्हणजे तोच.

मग एका वर्षी शाखेतले जुने संगणक गेले आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक पातळ खोकं आलं. या खोक्यात स्वतःचं असं काहीच नसतं. सगळं काम इथे, मुख्य रुग्णालयातल्या सर्व्हरवर चालतं. आपण कळ दाबली की ती इकडे येते आणि इकडून पडद्याचं चित्र तिकडे जातं. घरी आमच्या यजमानांचं असंच आहे, साधी खिडकी लावायची तरी आधी मला विचारतात. ते मागच्या रांगेत बसलेत, हसू नका.

ही योजना आपल्या सरांची. योजना उत्तम होती. एका ठिकाणी दुरुस्ती केली की सगळ्या शाखा दुरुस्त. फक्त आमच्या डोंगरापर्यंत येणारी इंटरनेटची लाइन फार मंद. लोक तक्रार करायचे आणि सर फोनवर म्हणायचे, "जरा सबुरीनं घ्या." त्यावरून आम्ही त्यांचं नाव सबुरीसर ठेवलं. सर, हे आज तुम्हाला पहिल्यांदा कळत असेल, तर माफ करा. कळलं असेलच म्हणा.

एकदा ते स्वतः येऊन बसले. पडद्यावरची सजावटीची चित्रं काढून टाकली, रंग कमी केले, खिडक्या उघडताना होणारी नाचानाच बंद केली. जेवढं कमी वाहून न्यायचं तेवढी लाइन मोकळी, असं त्यांनी समजावलं. सगळ्यांची कामं पळायला लागली.

माझं मात्र होतं तिथेच राहिलं. कारण वाचणारा आवाजही आता सर्व्हरवर होता. तो इथे बोलायचा आणि त्याचं बोलणं लाइनवरून माझ्या कानापर्यंत यायचं. येताना वाटेत निम्मं सांडायचं. तुम्ही म्हणाल, थोडं अंदाजानं घ्यायचं. पण "गोळ्या बंद करू नयेत" यातला "नयेत" सांडला, तर मी फोनवरच्या माणसाला काय सांगू? मी अंदाज करायचं नाकारलं. प्रत्येक फोन शेजारच्या मैत्रिणीकडे द्यायला लागले. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही, पण तिचं काम दुप्पट झालं आणि माझं संपलं.

तेव्हाचे आमचे शाखाप्रमुख म्हणजे आजचे अध्यक्षमहोदय. त्यांनी मला बोलावून सांगितलं की पगाराला धक्का लागणार नाही, दाराशी बसून आलेल्यांचं स्वागत करा. अध्यक्षमहोदय, तुमचा हेतू चांगलाच होता. पण हातातलं काम गेलं आणि खुर्ची उरली, की ती खुर्ची किती टोचते, हे बसणाऱ्यालाच कळतं. घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. आई विचारायची, आज कुणाकुणाचे फोन आले गं? मी जुनेच किस्से नव्यानं सांगायचे.

सर पुन्हा आले. त्यांनी आवाजाचा दर्जा उतरवून पाहिला, दुसरा आवाज लावून पाहिला. आवाज बाईचा झाला, पण तीही तशीच तोतरी. शेवटी ते तसेच परत गेले. मला वाटलं, झालं.

काही आठवड्यांनी ते तिसऱ्यांदा आले आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "आपण आवाज कशाला पाठवतोय? आवाज जड असतो. अक्षरं पाठवू. वाचून दाखवणारा इथे तुमच्यापाशी बसवू."

अक्षरं तिकडून, आवाज इथला. एवढंच. पण खोक्यात काहीही बसवायचं नाही, हा संस्थेचा कडक नियम होता. अध्यक्षमहोदयांनी त्याची आठवण करून दिली. सर म्हणाले, "नियम मीच लिहिलाय. लिहिताना मला या बाई माहीत नव्हत्या."

मी कानाला हेडफोन लावले आणि खालच्या बाणाची कळ दाबली. तो कोरडा, घाईचा आवाज अख्खं वाक्य बोलला. अख्खं. मी पुढची ओळ ऐकली, मग त्याच्या पुढची. सर काहीतरी विचारत होते, पण माझं लक्षच नव्हतं.

त्याच दुपारी एका सुतारांचा फोन आला. बायकोच्या आजारपणात ते वर्षभर माझ्याशीच बोलायचे. मधल्या काळात त्यांनी माझ्या मैत्रिणीला विचारलं होतं, "त्या बाई माझ्यावर रागावल्यात का?" मी त्यांना अहवाल वाचून दाखवला. आजार हटला होता, औषधं थांबवायला सांगितली होती. मग ते म्हणाले, "पुन्हा एकदा वाचा बाई. फोन तिच्या कानाला लावतो."

मी पुन्हा वाचलं. सर शेजारीच होते. ते उठून बाहेर गेले.

आज सकाळी वहिनी भेटल्या. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती सरांना न विचारता इथे सांगते. त्या आठवड्यांत सर माझ्या संगणकाचा तो तुटका आवाज टिपून घरी घेऊन गेले होते. रोज जेवणाआधी डोळे मिटून ऐकत बसायचे. वहिनी वैतागल्या, तेव्हा म्हणाले, "ती दिवसभर हे ऐकते. आणि एकदाही मला बोल लावला नाही."

सर, तुमचा चेहरा कसा आहे हे मला ठाऊक नाही. मी कधी कुणाला विचारलंही नाही, तशी गरज वाटली नाही.

आता सरांच्या विभागातल्या नवीन मुलांनी ही सोय सगळ्या शाखांमध्ये पहिल्यापासूनच बसवली आहे. मागच्या महिन्यात एका शाखेत माझ्यासारखीच एक मुलगी फोनवर रुजू झाली. मी तिला हौसेनं विचारलं, सुरुवातीला त्रास झाला का? तिला माझा प्रश्नच कळला नाही. "कसला त्रास?" म्हणाली.

सर, मी तिला काही सांगितलं नाही. तिला माहीत नसणं हाच तुमचा खरा सत्कार आहे, असं मला वाटलं.

संस्थेनं मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही उणंअधिक बोललं गेलं असेल, तर ते पोटात घाला. नमस्कार.