पुंगळी कपाळावर

अरे, त्या शूटिंग रेंजवर माझं काय झालं ते सांगितलंच नाही तुम्हाला! शारजापासून तासाभरावर आहे ती. हातात नवंकोरं पिस्तूल, आणि दर गोळीला रिकामी पुंगळी उजवीकडे पडायची सोडून थेट माझ्या कपाळावर.

शिकवणारा इक्बाल, आपला दापोलीचा. म्हणाला, "ताई, मनगट ढिलं पडतंय. बायकांचं होतं असं."

तीस वर्षं बातमीदारी केलेल्या बाईला हे ऐकवतोय! म्हटलं, "मग दुसरं पिस्तूल दे." त्यानं दिलेल्या जुन्या पिस्तुलाच्या दहाही पुंगळ्या नीट उजवीकडे पडल्या. तरी यानं तक्रारवहीत माझ्या नावापुढे लिहिलं, "पकड सैल", आणि वही पुढे सरकवली.

"सही करा ताई, खलास."

"सही केली की चूक माझी ठरली. आधी ते नवं तू चालव."

"अहो, मी रोज..."

"यल्ला, चालव!"

पहिली पुंगळी त्याच्या चष्म्यावर आपटली. दुसरी, चांगली गरम, कॉलरमधून आत. पिस्तूल खाली ठेवून तो शर्ट झटकत नाचला. मग हळूच म्हणाला, "ताई, वहीतलं ते खोडू का?"

म्हटलं, "खोडू नकोस. फक्त माझ्या जागी तुझं नाव घाल."