उरलेल्या मिनिटांपुरते बाबा

...नाही, पण मी म्हणतो, मला हा शहाणपणा सांगितला होता कुणी? चांगला चालला होता की जुना फॅमिली प्लॅन! थोरला, मुलगी, धाकटा आणि मी, चार नंबर, महिन्याला बाराशे मिनिटं, चौघांत मिळून. आणि महिनाअखेर उरतील ती गेली, पुढच्या महिन्यात नाही मिळायची.

आता तुम्हाला सांगतो, मी तीस वर्षं दुकानांतली वजनमापं तपासली. घरात शिकवण एकच, काही वाया घालवायचं नाही. मुलांनी ती उचलली बरं का. शेवटची तारीख आली की संध्याकाळी मुलीचा फोन, "बाबा, एकशेचाळीस उरलीत. बोला. वाया जायला नकोत ना मिनिटं."

मी महिनाभर विषय साठवायचो. मोरी पाच तारखेला तुंबली तरी तीसपर्यंत कुणाला बोललो नाही. मुलीचं झालं की थोरला, "बाबा, माझी मीटिंग आहे, हिच्याशी बोला बावीस मिनिटं." सून बिचारी... "जेवलात?" "जेवलो." "काय जेवलात?" "भातच." झालं, अजून एकवीस मिनिटं शिल्लक! मग नातीला पुढं करायचे, ती सतराचा पाढा म्हणायची, दोनदा, वाया जायला नकोत ना मिनिटं. धाकटा मुळात अबोल, तो फोन चालू ठेवून भांडी घासायचा. पण मी ऐकायचो हो. ही गेल्यापासून या घरात माझ्याखेरीज आवाज करतो तो फ्रिज, तुम्हीच सांगा, मुलाच्या हातची भांडी वाजलेली ऐकायला काय वाईट?

मग बिघडलं कुठं? तर एकदा मुलगी बोलता बोलता थांबली, आवाज बदलला, म्हणाली, "बाबा, मला ना हल्ली सारखं वाटतं की..." आणि फोन बंद. मिनिटं संपली! मी उलटा लावतोय, तर माझ्याकडे तरी कुठली, सगळ्यांची एकत्रच ना! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी नवी मिनिटं आल्याबरोबर लावला, तर म्हणते, "काही नाही हो, असंच. आणि महिन्याच्या पहिल्याच दिवशी कशाला उधळताय?"

तेव्हा ठरवलं. मिनिटांपायी माझ्या पोरीचं वाक्य अर्धं राहता कामा नये. तीन कंपन्या, अकरा प्लॅन, आलेखाच्या कागदावर तक्ता केला, दुकानात चार खेपा घातल्या. तिथली मुलगी म्हणाली, "काका, रिटायर झालात ना?" म्हटलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "कळतं." शेवटी अनलिमिटेड घेतला. चौघांना. कितीही बोला!

शेवटची तारीख आली. चार वाजल्यापासून फोनसमोर बसलो, इस्त्रीचा शर्ट घालून... हो, फोनवर दिसत नाही, माहितीये मला. पाच वाजले, सहा, आठ. एकाचाही फोन नाही. मला वाटलं, फोनच बिघडला. दुसऱ्या दिवशी मीच लावला, तर मुलगी हसत म्हणते, "अहो बाबा, आता काय वाया जातंय? आता कधीही बोलता येतं!"

कधीही. मी कॅलेंडरवर सगळ्या तारखा बघितल्या, 'कधीही' नावाची तारीख काही सापडेना. चार महिने झाले. मला वाईट वाटतं, हे सरळच सांगतो. मुलं वाईट नाहीत हो, गुणी आहेत, पण त्यांना बोलायला ती उरलेली मिनिटं लागायची, आणि ती मीच, तक्ता करून, सही करून, काढून टाकली.

गेलो परत दुकानात. म्हटलं, मला तो संपणारा प्लॅन दे. "काका, तो बंद झाला. आता सगळं अनलिमिटेडच. तुमचाच फायदा आहे."

आणि काल, तुम्हाला सांगतो, फोन वाजला! धावलो, गुडघा आपटला टेबलावर. तर कंपनीची बाई. "सर, नवीन प्लॅनबद्दल आपण समाधानी आहात का?" म्हटलं, बसा, सांगतो. मोरीपासून सुरुवात केली. चोवीस मिनिटं ऐकलं हो तिनं, मधे मधे "बरं, बरं" पण म्हणाली. मग हळूच विचारते, "सर, ठेवू का?"

म्हटलं, ठेवा. पण मिनिटांची काळजी करू नका, माझ्याकडे भरपूर आहेत.